पंपभाऊंनी न पाहिलेला राजवाडा

पंपभाऊंचं खरं नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक होतं. गावाला ते पंपभाऊच. नदीकाठच्या पंपघरात त्यांनी सव्वीस वर्षं काढली होती. पहाटे चारला पहिला पंप सुरू करायचा, टेकडीवरची टाकी भरली की बंद करायचा, संध्याकाळी पुन्हा तेच. नळाला पाणी आलं की त्यांची आठवण कोणी काढत नसे. नाही आलं की मात्र अख्ख्या आळीला त्यांचा फोन नंबर तोंडपाठ असे. कुणाच्या कार्यात जेवायला बसले तरी शेजारचा माणूस पहिला घास घ्यायच्या आधी विचारायचा, "भाऊ, उद्या पाणी किती वाजता?" भाऊंना त्याचा राग येत नसे. पाणी देणाऱ्याने रागवायचं नसतं, असं ते म्हणायचे. त्यावर बायको म्हणायची, मग सगळा राग साठवून घरी का आणता?

त्यांचा कान मात्र गावात प्रसिद्ध होता. पंपघरातल्या खाटेवर ते घोरत पडलेले असत, पंपांची घरघर चालू असे, आणि त्या घरघरीत सुईएवढा फरक पडला की भाऊंचं घोरणं थांबे. बेअरिंग तापायला लागलंय हे त्यांना हात लावायच्या आधी कळायचं. नवे साहेब आले की या गोष्टीला हसायचे. मग एखादी मोटर जळता जळता वाचायची आणि साहेब हसायचे थांबायचे.

असा हा माणूस वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी परदेशी शिकायला गेला, त्याला कारण त्यांची लेक. पाणीपुरवठ्यातल्या अनुभवी माणसांसाठी तिकडे एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, राहण्याजेवण्याची सोय तिकडचीच, असं एक पत्रक खात्याने काढलं होतं. ते सूचनाफलकावर महिनाभर उन्हात पिवळं पडलं तरी कोणी त्याला हात लावला नाही. लेक एके दिवशी वडिलांचा डबा घेऊन आली, तिने ते उभ्याउभ्या वाचलं आणि घरी जाऊन अर्ज भरून टाकला. सही करताना भाऊंना वाटलं, गॅसच्या कनेक्शनचं काहीतरी असेल. निवड झाल्याचं पत्र आलं तेव्हा ते दोन दिवस जाऊ की नको करत राहिले. शेवटी बायकोनेच निकाल लावला. "जा," ती म्हणाली. "सव्वीस वर्षं गावाला पाणी पाजलंत. वर्षभर गाव आपलं आपण पिऊन घेईल."

तिकडे गेल्यावर पहिल्याच संध्याकाळी वसतिगृहाच्या खोलीतला नळ टपटपत होता. भाऊंनी खिशातल्या चाकूने तो उघडला, वॉशर उलटा करून बसवला, आणि मग कुठे त्यांना त्या खोलीत झोप लागली. परदेशातलं त्यांचं पहिलं आणि त्यानंतर बरेच दिवस एकमेव यश ते हेच.

कारण वर्ग म्हणजे वेगळंच प्रकरण होतं. वीस विद्यार्थी, नाना देशांचे, सगळे पदवी घेतलेले, सगळे लेकीच्या वयाचे. त्यात एक मुलगी आपल्या भाषेची निघाली. वर्गात ती सगळ्यांत लहान, म्हणून भाऊंनी तिचं नाव धाकटी ठेवलं. ती त्यांना काका म्हणायची. बाकीच्यांना वाटलं काका हेच त्यांचं नाव, आणि पंधरा दिवसांत सगळा वर्ग त्यांना काका म्हणायला लागला. शिकवणारे सरसुद्धा हजेरी घेताना अदबीने "मिस्टर काका" असं म्हणायचे. भाऊ उभे राहून "हजर" म्हणायचे. बसून म्हटलं तरी चालतं, हे धाकटीने त्यांना चारदा सांगितलं, पण त्यांचे गुडघे ऐकत नसत.

सरांचा फळा म्हणजे आलेखांचं जंगल. आडव्या रेघेवर पाण्याचा प्रवाह, उभ्या रेघेवर दाब, मधून एक वाकडी रेघ खाली उतरत गेलेली, दुसरी वर चढत गेलेली, तिसरी उंटाच्या पाठीसारखी. सर त्या रेघांवर बोट ठेवून तासभर बोलायचे. पोरं माना डोलवायची. भाऊ वहीत रेघा उतरवून घ्यायचे, तंतोतंत, पट्टी लावून. पण त्या रेघा म्हणजे काय हे त्यांना काही केल्या उमगत नव्हतं. ज्या पंपांबरोबर त्यांनी निम्मं आयुष्य काढलं त्यांचीच ही जन्मपत्रिका होती, आणि भाऊंना ती वाचता येत नव्हती.

पहिल्या परीक्षेत त्यांना शंभरपैकी एकतीस मिळाले. पास व्हायला पन्नास लागत. सरांनी त्यांना बाजूला घेऊन फार सभ्यपणे सांगितलं की महिन्याभराने पुन्हा बसता येईल, अनुभव वेगळा आणि अभ्यास वेगळा, मनाला लावून घेऊ नका. सर ओरडले असते तर भाऊंना बरं वाटलं असतं. साहेबांचं ओरडणं त्यांना सवयीचं होतं. ही सभ्यता मात्र जिव्हारी लागली. खोलीवर येऊन ते खाटेच्या कडेवर बराच वेळ बसले आणि त्यांनी ठरवलं की सोमवारी सरांना सांगायचं, आपण परत जातो. म्हाताऱ्या बैलाला नवी वाट शिकवण्यात कोणाचाच वेळ नको जायला. हे त्यांनी धाकटीला सांगितलं नाही, लेकीला नाही आणि बायकोला तर नाहीच.

त्या सोमवारच्या आधीच्या शनिवारी वर्गाची सहल होती. शहर बघायचं: आधी फवाऱ्यांची बाग, मग संग्रहालय, दुपारी राजवाडा. भाऊंना जायचं नव्हतं. पण शुक्रवारी बायकोचा फोन आला आणि तिला ते "नाही" म्हणू शकले नाहीत.

"राजवाड्यासमोर नीट उभे राहा," तिने बजावलं. "पोलिसात तक्रार द्यायला आल्यासारखा चेहरा करू नका. माझ्या दोन्ही जावांना फोटो दाखवायचाय."

भाऊ हो म्हणाले. परत जातोच आहोत तर राजवाडा तरी बघून घ्यावा, तेवढंच घरी सांगायला होईल, असा विचार त्यांनी केला. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, केसांना पाणी लावून भांग पाडला आणि सकाळी साडेआठला बसमध्ये धाकटीच्या शेजारी जाऊन बसले.

बाग टेकडीच्या उतारावर होती. दगडी पायऱ्या, पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंनी उतरत येणारी पाण्याची कुंडं, आणि मधल्या मोठ्या हौदात एक उंच फवारा. हातात छोटं निशाण धरलेली एक बाई वाट दाखवत होती. बाग कोणी बांधली, किती माळी राबले, फवारा किती उंच उडतो, असं सगळं ती सांगत होती. पोरं फोटो काढत होती. भाऊ फवाऱ्याकडे बघत उभे होते.

फवारा बरोबर नव्हता. दीड माणूस उंच जायचा, अडखळायचा, थुंकल्यासारखं पाणी टाकायचा, खाली बसायचा, पुन्हा उठायचा. वर्गातल्या एकाने त्याचं चित्रण केलं आणि म्हणाला, किती छान नाचतोय. भाऊ धाकटीच्या कानाशी हळूच म्हणाले, "नाचत नाहीये तो. खोकतोय."

धाकटी हसली आणि पुढे गेली. भाऊ हौदाच्या कडेला ओणवे झाले. पाण्याच्या आवाजाखाली आणखी एक आवाज होता. दूर, भिंतीच्या आत, कोणी पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा. सव्वीस वर्षांत तो आवाज त्यांनी कधी चार मिनिटांच्या वर चालू दिला नव्हता.

ते आवाजाच्या मागे निघाले. पायऱ्यांच्या कडेने खाली, मेंदीच्या उंच कुंपणाला वळसा घालून. तिथे दगडी भिंतीत एक लोखंडी दार होतं, आतल्या उकाड्यामुळे वीटभर उघडं ठेवलेलं. आत तीन पायऱ्या उतरून एक लांबट खोली. तेलाचा, ओल्या दगडाचा आणि तापलेल्या वार्निशाचा तो वास नाकात गेला आणि भाऊंना क्षणभर कुठे आहोत तेच कळेना. खोलीत दोन पंप होते. एक बंद, त्याचं पोट उघडून ठेवलेलं. दुसरा चालू आणि खडखडणारा. त्याच्यासमोर निळा डगला घातलेली, पन्नाशीच्या पुढची, दणकट बांध्याची एक बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. बिघडलेल्या पंपाकडे बघताना भाऊ स्वतः जसे उभे राहत तशीच.

तिने मागे वळून पाहिलं आणि दाराकडे बोट दाखवलं. इथे यायचं नाही, एवढं समजायला भाषा लागत नव्हती. भाऊंना तिथली भाषा चार-सहा डझन शब्दांपुरती येत होती आणि त्यातले निम्मे शब्द भाजी घेण्याचे होते. त्यांनी पंपाकडे बोट केलं, मग कानाला हात लावला आणि तोंडाने तो खडखडाट काढून दाखवला. बाईने भुवया वर केल्या. भाऊंनी घाईघाईने फोन काढला आणि स्वतःच्या पंपघराचा फोटो तिच्यासमोर धरला. तीन पंप ओळीने, निळा रंग दिलेले, पांढऱ्या रंगात आकडे घातलेले, आणि त्यांच्यापुढे खाकीतले भाऊ.

बाईने चष्मा लावला. फोटोतल्या भाऊंकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. दोन बोटांनी फोटो मोठा केला, दोन नंबरच्या पंपावर नेला आणि दाब दाखवणाऱ्या तबकडीवर नख ठेवलं. तबकडीची काच फुटलेली होती.

"तीन वर्षं झाली," भाऊ ओशाळून आपल्याच भाषेत म्हणाले. "चार वेळा लिहून दिलंय."

बाईला शब्द कळले नाहीत, पण त्यांतलं दुःख कळलं असावं. तिने त्यांना आत घेतलं.

हळूहळू भाऊंना हकीकत समजली, काही शब्दांनी, बरीचशी हातवाऱ्यांनी. एक पंप दुरुस्तीला काढलेला. दुसरा सकाळपासून असा. दुरुस्तीचा माणूस सोमवारी येणार. वरिष्ठांनी सांगितलंय, त्रास देत असेल तर बंद करून टाक. बंद करायला ती तयार नव्हती. शनिवारी लोक पोराबाळांना घेऊन फवारा बघायला येतात, आणि तिच्या एकतीस वर्षांत शनिवारी फवारा कधी बंद नव्हता. एकतीस हा आकडा तिने बोटांनी दाखवला तेव्हा भाऊंना उगीच कसंतरी झालं.

त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. भिंतीशी एक लांब स्क्रू ड्रायव्हर होता. त्याचं टोक पंपाच्या अंगावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. बेअरिंग ठणठणीत होतं. पंपाला पाणी कमी पडत होतं, भुकेला होता बिचारा. खालच्या टाकीतून पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तोंडाशी जाळी असते, तिच्यात कचरा अडकला असणार. त्यांनी हाताने जाळी काढून दाखवली. बाईने मान हलवली, पंप बंद केला, आणि दोघांनी मिळून टाकीवरचं झाकण उचललं. जाळीवर पालापाचोळ्याचा जाड थर होता आणि कोणाच्या तरी खाऊची एक चकचकीत पिशवी. भाऊ विजयी मुद्रेने ती पिशवी हातात घेऊन उभे होते, तेवढ्यात फोन वाजला.

"काका, कुठे आहात?" धाकटीचा आवाज चढलेला होता. "आम्ही सगळे बसमध्ये बसलोय."

"इथेच आहे. पंपापाशी."

"कसला पंप?"

"फवाऱ्याचा. तुम्ही व्हा पुढे."

"अहो काका, राजवाडा चारला बंद होतो. नंतर एकट्याने कसे याल तुम्ही?"

"येईन गं. किंवा नाही येणार. तू नीट बघून ये."

मग, आम्ही परत जाताना बागेवरूनच जाणार आहोत, दारापाशी उभे राहा, असं सांगून तिने फोन ठेवला.

जाळी धुऊन बसवली, पंपात पाणी भरलं, सुरू केला. खडखडाट थांबला. पण फवारा? बाई धावत वर जाऊन बघून आली आणि तिने हाताचा पंजा डावीकडे-उजवीकडे हलवला. सुधारलाय, पण अजून थुंकतोय. भाऊंचा चेहरा उतरला. पिशवी सापडल्यावर त्यांना वाटलं होतं की झालं. आता बाई आपल्याला निरोप देणार, असं मनात येऊन ते खाली बघत राहिले. तिने मात्र डगल्याच्या खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, कोपऱ्यातलं कपाट उघडलं आणि सगळी हत्यारं त्यांच्यासमोर मांडली. चल, पुढे बघू.

पाणी थुंकतंय म्हणजे पाण्याबरोबर हवा जातेय. हवा कुठून? ओढणाऱ्या पाइपला कुठेतरी फट आहे. बाहेरून ती दिसत नाही, कारण तिथून पाणी गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. भाऊंनी काडी ओढल्याची खूण केली. बाईने खिशातला लायटर दिला. पंप चालू ठेवून त्यांनी ज्योत पाइपच्या एकेका जोडापाशी धरली. पहिल्यापाशी ज्योत सरळ. दुसऱ्यापाशी सरळ. तिसऱ्या जोडाशी, अगदी भिंतीलगत, जिथे वाकून कोणी बघत नाही, तिथे ज्योत कोणी बोलावल्यासारखी आत झुकली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ती तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. ती शिवी होती की शाबासकी, हे भाऊंना कधीच कळलं नाही.

तो जोड खोलणं म्हणजे दीड तासाची कुस्ती होती. आठ बोल्टांपैकी दोन गंजून बसलेले. भाऊ पाना धरायचे, बाई पान्यावर पाइप चढवून लोंबकळायची. इस्त्रीच्या शर्टाचं पोतेरं झालं. आतली रबराची चकती वाळून चामड्यासारखी झाली होती. बाईने नवीन रबर आणलं, भाऊंनी जुनी चकती त्यावर ठेवून पेनाने गिरवली आणि कात्रीने कापली. बोल्ट आवळताना मात्र बाईने त्यांचा हात धरून थांबवला. ते एका बाजूने ओळीने आवळत निघाले होते. तिने समोरासमोरचे आवळायला लावले, थोडा हा, थोडा तो. भाऊ हे गावाकडे करायचेच, पण घाईत विसरले होते. त्यांनी कान धरले. ती पहिल्यांदा हसली.

पंप सुरू करायची वेळ आली तेव्हा भाऊंचा हात सवयीने पुढच्या, पाणी बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हकडे गेला. तो त्यांनी घट्ट बंद केला, मग बटण दाबलं. मोटर फिरली. मोटर किती वीज खाते ते दाखवणारा काटा थोडासा चढून थांबला. मग त्यांनी व्हॉल्व्ह सावकाश, चाक थोडं थोडं फिरवत उघडायला सुरुवात केली आणि काटा हळूहळू वर सरकू लागला. सव्वीस वर्षं ते असंच करत आले होते. त्यांना ज्याने शिकवलं त्या जुन्या चालकाने सांगितलं होतं, दार बंद ठेवून उठव, नाहीतर दचकतो. का, ते त्यानेही सांगितलं नव्हतं.

बाईने त्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि भिंतीकडे बोट केलं. तिथे काचेच्या चौकटीत एक पिवळा पडलेला कागद होता. त्यावर एक रेघ खाली उतरत गेलेली, एक वर चढत गेलेली, एक उंटाच्या पाठीसारखी. भाऊंच्या कपाळावर आठी पडली. इथेही तेच.

बाईने बोट चढणाऱ्या रेघेच्या अगदी डाव्या टोकाला ठेवलं आणि दुसऱ्या हाताने भाऊंना व्हॉल्व्ह बंद करायला सांगितलं. भाऊंनी केला. काटा खाली आला. तिने बोट रेघेवरून उजवीकडे, वर सरकवायला सुरुवात केली आणि मानेने खुणावलं: उघड. भाऊंनी चाक फिरवलं. काटा चढला. बोट चढलं. ती थांबली, भाऊ थांबले, काटा थांबला. पुन्हा बंद. बोट मागे, काटा मागे.

चाकावरचा हात तसाच ठेवून भाऊ त्या कागदाकडे बघत राहिले. रेघ कुठे कागदावर नव्हतीच. ती त्यांच्या मनगटात होती, सव्वीस वर्षं. पाणी बंद असतं तेव्हा मोटरवर भार कमी, पाणी वाढेल तसा भार वाढतो. ती चढणारी रेघ म्हणजे हा काटा. उतरणारी रेघ म्हणजे जास्त पाणी सोडलं की कमी होणारा दाब. वरच्या आळीचे लोक त्याबद्दलच तर रोज तक्रार करायचे. आणि उंटाची पाठ? त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं. बाईने विचार केला, मग व्हॉल्व्ह स्वतः फिरवून एका ठिकाणी थांबवला आणि पंपाच्या अंगावर तळहात ठेवला. भाऊंनीही ठेवला. पंप तिथे सगळ्यांत शांत चालत होता. उंटाच्या पाठीचा तो माथा. भाऊंना ती जागा ओळखीची होती. डोळे मिटूनही सापडली असती.

ते बाजूच्या पेटीवर बसले आणि त्यांनी चेहरा पुसला. हात काळे होते, त्यामुळे चेहराही झाला. बाईने ते पाहून न पाहिल्यासारखं केलं, तिच्या डब्यातल्या पावाचे दोन भाग केले आणि मोठा त्यांना दिला.

मग ती त्यांना वर घेऊन गेली. फवारा झाडांच्या वर गेला होता, सरळ, पांढरा, न अडखळता. हौदाकाठच्या बाकावर एक म्हातारं जोडपं इतका वेळ कोरडं बसलं होतं. वाऱ्याने तुषार त्यांच्यावर आले तशी ती दोघं लगबगीने छत्री उघडू लागली, आणि म्हातारी रागावल्याचं सोंग करत हसत होती. बाईने तिथेच एका माळ्याकडे भाऊंचा फोन देऊन दोघांचा फोटो काढून घेतला. पाच वाजेपर्यंत भाऊ पुन्हा खालच्या खोलीतच होते. तिने त्यांना जुनी नोंदवही दाखवली, वेगवेगळ्या हातांनी भरलेली. शेवटची एकतीस वर्षं एकाच हस्ताक्षरात होती.

बस आली तेव्हा धाकटी दारात उभी राहून त्यांच्या अवताराकडे बघत राहिली. भाऊ चढले, तिच्या शेजारी बसले आणि कोणी काही विचारायच्या आत तिच्या हातातलं संग्रहालयाचं पत्रक घेऊन त्याच्या कोऱ्या पाठीवर तीन रेघा काढल्या, या वेळी पट्टी न लावता. प्रत्येक रेघ काय म्हणते ते त्यांनी तिला आपल्या भाषेत सांगितलं. गाडी दोन चौक पुढे गेली तरी ते सांगतच होते. धाकटी पदवीला पहिली आलेली मुलगी, पण उंटाच्या माथ्यावर पंप हाताला कसा लागतो हे तिने कधी ऐकलं नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "काका, हाच प्रश्न होता पेपरात. बारा मार्कांचा."

"ठाऊक आहे," भाऊ म्हणाले. "कोरा सोडला होता मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी घरी फोटो पाठवला आणि लगेच फोन आला.

"हे काय? राजवाडा कुठंय?"

"राजवाडा राहिला."

"आणि ही बाई कोण?"

"पंपवाली आहे तिथली."

बायकोने मोठा श्वास घेतला. "सात समुद्र ओलांडून गेलात आणि पुन्हा पंपापाशीच? जावांना काय दाखवू, तुमचं काळं तोंड?" मग ती फोटो पुन्हा बघत असावी. "हसताय मात्र छान यात," ती म्हणाली. "आठवडाभर तुमचा आवाज बसलेला होता. मी काही विचारलं नाही. म्हटलं, सांगाल तेव्हा सांगाल."

तेव्हा भाऊंनी एकतीसचं सांगितलं. परत यायचं मनात होतं तेही सांगितलं.

"पस्तिसाला चारच कमी," बायको म्हणाली.

"इथे पन्नासला पास असतं."

"मग एकोणीस कमी. एकोणीस मार्कांसाठी माणूस घरी पळून येतो का? आलात तर रोज दुपारी घरात बसून माझ्या मिक्सरचा आवाज तपासाल. नका येऊ."

सोमवारी भाऊ सरांकडे गेले नाहीत. पुढच्या शनिवारी मात्र ते बागेत गेले, आणि त्याच्या पुढच्याही. बाईने त्यांच्यासाठी खुंटीवर एक निळा डगला आणून ठेवला होता. तो पोटावर घट्ट व्हायचा, पण त्यांनी कुरकूर केली नाही. ते वह्या घेऊन जायचे. फळ्यावरची एकेक आकृती तिच्यासमोर धरायचे आणि ती व्हॉल्व्ह, पाना किंवा नुसता तळहात वापरून ती आकृती खरी करून दाखवायची. त्या बदल्यात भाऊंनी तिला ऐकायला शिकवलं. तिला वाटायचं की आपल्याला ऐकू येतं. स्क्रू ड्रायव्हर कानाला लावल्यावर कळलं की आपण आजवर फक्त मोठे आवाज ऐकत होतो. दोघांच्या बोलण्यात शब्दांची भर पडली, पण फार नाही. गरजच पडली नाही.

पुन्हा परीक्षा झाली. भाऊंना अठ्ठावन्न मिळाले. सरांनी वर्गासमोर त्यांना बोलावलं आणि पंप बंद व्हॉल्व्हवर का सुरू करायचा ते सांगायला लावलं. मोजून आठ वाक्यं बोलले ते, त्यातली दोन चुकली, पण सर फळ्यापाशी पुसणी हातात धरून ऐकत होते आणि त्यांनी मधे एकदाही दुरुस्त केलं नाही. त्यानंतर हजेरीला भाऊ बसल्याबसल्या "हजर" म्हणू लागले.

वर्ष संपलं. राजवाडा त्यांनी शेवटपर्यंत पाहिला नाही. दर शनिवारी जायचं ठरायचं आणि दर शनिवारी काहीतरी निघायचं: कधी पंपाच्या दांड्याभोवतीचं ग्लँड गळायचं, कधी नवीन पंपाची मोटर यायची. परत निघायच्या आधीच्या सकाळी बाईने बागेचे दरवाजे उघडायच्या आधीच त्यांना बोलावलं. फवारा सुरू करायचं काम तिने कधी दुसऱ्याला करू दिलं नव्हतं. त्या दिवशी ती हात मागे बांधून पायरीवर उभी राहिली. भाऊंनी व्हॉल्व्ह बंद केला, बटण दाबलं, कान लावला, आणि चाक उघडत नेलं. मग दोघं वर आली. भाऊंनी घरी व्हिडिओ कॉल लावला आणि फोन उंच धरला, म्हणजे हौद, पायऱ्या, झाडं आणि वर चढणारं पाणी सगळं बायकोला दिसावं. तिच्या दोन्ही बाजूंना दोन्ही जावा डोकावत होत्या. त्या वा, वा म्हणत होत्या, कोणी बांधला, किती उंच, असं विचारत होत्या. बायको मात्र मान वाकडी करून पडद्याच्या कडेला काहीतरी शोधत होती.

"दिसतंय का?" भाऊंनी विचारलं. "मी चालू केलाय तो."

"फोन इकडे वळवा," ती म्हणाली. त्यांनी स्वतःकडे वळवला. तिने त्यांना नीट न्याहाळलं. "किती वाळलात हो," ती म्हणाली. "बास झालं आता. या घरी."